फ्री डिशची छत्री स्वतः जुळवताना

मावशीचं घर संगमेश्वरजवळच्या एका वाडीत आहे. दरवर्षी जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की तिचा फोन ठरलेला. "अरे, टीव्हीवर नुसते चौकोन चौकोन येतायत. बातम्या अर्ध्यावरच गेल्या." तिच्याकडे डीडी फ्री डिश आहे आणि संध्याकाळच्या सह्याद्रीच्या बातम्या चुकल्या की तिला दिवस पुरा झाल्यासारखा वाटत नाही. पावसात असं व्हायचंच, म्हणून आम्ही सगळे गप्प बसायचो. तीन पावसाळे असे गेल्यावर मी एकदा मे महिन्यात शिडी लावून वर चढलो, तेव्हा कळलं की पाऊस नुसता निमित्ताला होता. छत्रीच मुळात दीड-दोन अंशांनी बाजूला होती. कोरड्या हवेत तेवढ्यावर भागत होतं, इतकंच.

डिजिटल प्रक्षेपणाची ही गंमत लक्षात ठेवा. जुन्या अँटेनाच्या काळात सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या दिसायच्या, त्यामुळे अँटेना फिरला आहे हे लगेच समजायचं. आता तसं होत नाही. बॉक्सच्या मेनूत दिसणारी सिग्नलची क्वालिटी ४५ असो की ८०, चित्र तेवढंच स्वच्छ दिसतं. फरक कळतो तो पावसात. फ्री डिशचे सिग्नल ११ गिगाहर्ट्झच्या आसपासचे आहेत, त्यांची तरंगलांबी पावणेतीन सेंटिमीटरच्या आतबाहेर. पावसाच्या थेंबांत ते बरेच विरतात. ज्याच्याकडे ८० आहेत त्याचे ५०-५५ होतात आणि टीव्ही चालू राहतो. ज्याच्याकडे ४५ आहेत त्याचा टीव्ही जातो. म्हणून चित्र आलं की नट आवळून खाली उतरायचं नाही. पुढची जी तासाभराची मेहनत आहे, तीच पावसाळ्यात कामी येते.

उपग्रह कुठे आहे

दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. आज ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून मिळते. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियन-५ रॉकेटने सोडला. तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या वर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. आधी याच जागेवरच्या इन्सॅट-४बीवरून प्रक्षेपण होत असे, म्हणून जुन्या बॉक्सच्या मेनूत अजून ते नाव दिसतं. त्याने गोंधळू नका, छत्रीची दिशा तीच आहे.

महाराष्ट्र साधारण ७३ ते ८१ रेखांशांच्या दरम्यान येतो, म्हणजे उपग्रह आपल्या पूर्वेला आणि अर्थात दक्षिणेला. छत्रीचं तोंड आग्नेयेकडे ठेवायचं. खाली दिलेल्या आकड्यांत पहिला आकडा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेला कोन, दुसरा क्षितिजापासून वरची उंची:

मुंबई: १३१, ५७.५
पुणे: १३२, ५९
नाशिक: १३४, ५७.५
रत्नागिरी: १२८.५, ५९.५
कोल्हापूर: १२९.५, ६०.५
छत्रपती संभाजीनगर: १३६, ५९
नांदेड: १३८.५, ६१
नागपूर: १४४.५, ६०
पणजी: १२७, ६१

तुमचं गाव यांतल्या दोन शहरांच्या मध्ये कुठे असेल तर आकडाही मधला धरा. अर्ध्या अंशाचा फरक पुढे बारीक जुळवणीत निघून जातो.

शेजाऱ्याच्या छत्रीकडे बघून आपली लावायची सवय खूप जणांना आहे. शेजाऱ्याकडेही फ्री डिश असेल तर ठीक. पण टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंशांवर आहेत, त्यामुळे ती छत्री पुण्यात आपल्यापेक्षा सुमारे वीस अंश दक्षिणेकडे वळलेली असते. एअरटेलची १०८.२ अंशांकडे, म्हणजे आपल्यापेक्षा पूर्वेला आणि खाली झुकलेली. फ्री डिश या दोघांच्या साधारण मधे येते. एवढं माहीत असलं तरी गच्चीवर उभं राहून अर्धा अंदाज बांधता येतो.

जागा आणि पाइप

उपग्रह आपल्याकडे ५८ ते ६१ अंश उंच आहे, हे आपलं भाग्यच. समोरचं झाड किंवा भिंत छत्रीपेक्षा १० मीटर उंच असेल तरी ती ७ मीटरच्या पलीकडे असली की वाट मोकळी. त्यासाठी एक सोपा हिशेब: अडथळा जेवढा लांब, त्याच्या दीडपटीहून उंच नसावा. कोकणात मात्र आणखी एक गोष्ट धरून चाला. मेमध्ये विरळ दिसणारा फणस-आंबा सप्टेंबरपर्यंत हातभर वाढतो आणि ओली पानं सिग्नल जवळपास पूर्ण अडवतात. फांदी आज कडेला असेल तर तिला अडथळाच समजा.

छत्री स्लॅबवर किंवा पक्क्या भिंतीवर बसवा. पत्र्यावर किंवा सिमेंटच्या पत्र्यावर अजिबात नको. वाऱ्याने पत्रा हलतो आणि आपली जुळवणी त्याच्याबरोबर हलते. शिवाय जुना सिमेंटचा पत्रा पायाखाली केव्हा फुटेल याचा भरवसा नसतो. विजेच्या तारा जवळून जात असतील तर ती जागा सोडा. ढग गडगडत असताना छतावर जाऊ नका.

आता पाइप. ज्या पाइपवर छत्री बसते तो बरोबर उभा असायला हवा. हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून बहुतेक जण डोळ्यांनीच पाहून सोडून देतात. पाइप तिरका असला की छत्री डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही नकळत बदलत जाते, आणि मग तुम्ही एक धरायला जाता तर दुसरं सुटतं. गवंड्याचा ओळंबा घ्या. पाइपच्या एका बाजूने लावून पाहा, मग काटकोनातल्या दुसऱ्या बाजूने. दोन्हीकडून दोरा पाइपला समांतर दिसला पाहिजे. बेसखाली पत्र्याची चकती सरकवून फरक काढा आणि त्यानंतरच अँकर बोल्ट पक्के करा.

छत्री जुनी असेल तर ती वाकलेली नाही ना, हेही आत्ताच बघून घ्या. तोंडावरून दोन सुतळ्या फुलीसारख्या ताणून बांधा. मधे त्या एकमेकींना जेमतेम टेकल्या पाहिजेत. दोघींमध्ये बोटभर फट पडली किंवा एक दुसरीला दाबत असली तर छत्री वाकली आहे, ती कितीही फिरवली तरी पूर्ण सिग्नल देणार नाही.

दिशा धरणं

मोबाइलमधलं होकायंत्र वापरायचं असेल तर छत्रीपासून, सळ्यांपासून आणि पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडपासून चार-पाच पावलं लांब जाऊन वापरा. मावशीच्या घरी मी पहिल्यांदा फोन थेट पाइपला टेकवून दिशा घेतली. ती पंधरा अंशांनी चुकीची निघाली आणि दुपार वाया गेली. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्याकडे एका अंशाहून कमी आहे, त्याची काळजी नको. घात होतो तो लोखंडामुळे.

मला स्वतःला सूर्याची रीत जास्त भरवशाची वाटते. उपग्रह ज्या दिशेला आहे, त्याच दिशेला सूर्य बहुतेक वर्षभर दिवसातून एकदा येतो. मोबाइलवर सूर्याची दिशा दाखवणारी ॲप मिळतात. आपल्या गावात सूर्य १३१ किंवा १३२ अंशांवर, म्हणजे आपल्याला हव्या त्या आकड्यावर, किती वाजता येतो ते आदल्या दिवशी बघून ठेवा. पुण्यात डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ही वेळ सकाळी साडेनऊच्या आसपास येते. त्या मिनिटाला ओळंब्याचा दोरा पाइपच्या जवळ उन्हात धरा. गच्चीच्या फरशीवर दोऱ्याची बारीक, सरळ सावली पडेल. तिच्यावरून खडूने रेघ ओढा. या रेघेचं सूर्याकडचं टोक उपग्रहाच्या दिशेला जातं. छत्रीची एलएनबीची (छत्रीसमोर बसणाऱ्या, सिग्नल टिपणाऱ्या डबीची) दांडी या रेघेला समांतर आणली की दिशा एखाद-दुसऱ्या अंशात बसते, लोखंड जवळ असो की नसो. ऑक्टोबर ते मार्च ही रीत छान चालते. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येऊ लागतो, सावली आखूड होते आणि दिशा भराभर बदलते, तेव्हा मात्र लांब उभं राहून होकायंत्रच बरं.

उंचीचं पाहू. आपल्याकडच्या साठ सेंटिमीटरच्या छत्र्या ऑफसेट प्रकारच्या असतात, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालून आलेल्या दांडीवर असतो. त्यामुळे छत्री बघताना ती आकाशाकडे जितकी वळलेली वाटते, त्यापेक्षा ती वीस-पंचवीस अंश अधिक वरचं 'बघत' असते. मागच्या पट्टीवर अंश कोरलेले असतील तर थेट आपल्या गावच्या आकड्यावर (पुण्यात ५९) आणा, हा फरक बनवणाऱ्याने आधीच धरलेला असतो. पट्टी पुसली असेल तर छत्रीच्या वरच्या आणि खालच्या कडेला टेकेल अशी सरळ लाकडी पट्टी उभी धरा आणि तिच्यावर फोनचं लेव्हल ॲप ठेवा. पुण्या-कोकणात ती उभ्या रेषेपासून साधारण ३५ अंश मागे रेललेली हवी. ही फक्त सुरुवात, नेमकी जागा बॉक्स सांगेल.

केबल आणि बॉक्स

आरजी-६ केबल घ्या आणि मधे जोड न देता एकच तुकडा न्या. कनेक्टर लावताना घाई नको, कारण निम्मे 'सिग्नल नाही' इथेच जन्मतात. वरचं काळं आवरण साधारण दीड सेंटिमीटर सोला, जाळी मागे दुमडा, पांढरं आवरण कापा. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर यायला हवी. मग टोक उजेडाकडे धरून नीट बघा. जाळीचा केसाएवढा एक धागा जरी मधल्या तारेला चिकटला तरी शॉर्ट होतो. मावशीकडे नेमका तसाच एक चमकता धागा निघाला. या केबलमधूनच बॉक्स एलएनबीला वीज देतो, म्हणून कनेक्टर लावताना-काढताना बॉक्सचा प्लग काढून ठेवा.

एलएनबीपाशी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल, कनेक्टरमध्ये शिरणार नाही. कनेक्टरवर ताणून बसणारी रबरी टेप गुंडाळा. साधी इन्सुलेशन टेप एका उन्हाळ्यात सुटते.

बॉक्सच्या इन्स्टॉलेशन मेनूत जा. पासवर्ड मागितला तर बहुतेक बॉक्समध्ये तो ०००० असतो. उपग्रह जीसॅट-१५ किंवा इन्सॅट-४बी निवडा. एलएनबी युनिव्हर्सल, ९७५०/१०६००. डायसेक (एकाहून अधिक एलएनबी जोडायचा स्विच) बंद. फ्रिक्वेन्सी ११०९०, पोलरायझेशन व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. ती नसेल तर ११,१७० घ्या, बाकी सगळं तेच. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील: स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथची पट्टी विसरून जा. ती केबल आणि एलएनबी जिवंत आहेत एवढंच सांगते, छत्री भलतीकडे असली तरी ६०-७० दाखवते. लक्ष फक्त क्वालिटीवर. बाजारात मिळणारा स्वस्त, शिट्टी वाजवणारा सॅट फाइंडरही स्ट्रेंथच मोजतो, कुठल्या उपग्रहाची हे त्याला कळत नाही. अवघ्या दीड अंशावर, ९५ अंशांवर दुसरा उपग्रह आहे. शिट्टीच्या भरवशावर त्याच्याकडे छत्री लावून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

खाली टीव्हीपाशी कोणालातरी बसवा आणि व्हिडिओ कॉल करून फोन पडद्यासमोर उभा करा. "आला, गेला, परत आला" असं ओरडून सांगण्यापेक्षा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी दिसला की काम निम्म्या वेळात होतं.

शोधणं

पाइपवरचे नट इतके आवळा की छत्री हाताने फिरेल पण सोडली की जागेवर राहील. उंची ठरवल्या आकड्यावर घट्ट करा. आता खडूच्या रेघेपासून डावीकडे दहाएक अंश जा आणि हळूहळू उजवीकडे येऊ लागा. साठ सेंटिमीटरच्या छत्रीच्या कडेला पाच मिलिमीटर सरकणं म्हणजे एक अंश. प्रत्येक वेळी तेवढंच सरकवा आणि मनात 'एक, दोन, तीन' मोजून थांबा. बॉक्सला आकडा दाखवायला एक-दोन सेकंद लागतात, आणि कॉलही थोडा मागे असतो. भराभर फिरवलं की उपग्रह कधी येऊन गेला ते कळतच नाही. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

पूर्ण फेरीत काहीच आलं नाही तर उंची दोन अंशांनी वाढवा आणि परत तीच फेरी घ्या. तरी नाही, तर मूळ आकड्याच्या दोन अंश खाली. क्वालिटीत २०-३० दिसले की थांबा, नट थोडे आवळा आणि चॅनेल स्कॅन करा. डीडी नॅशनल आणि सह्याद्री आले तर उपग्रह आपलाच. भलतीच यादी आली किंवा सगळीच चॅनेल कुलूपबंद निघाली तर शेजारच्याकडे पोहोचलात, छत्री किंचित दक्षिणेकडे वळवा.

खरं काम: शिखर

आकडा जिथे सगळ्यात मोठा दिसतो तिथे थांबावं असं वाटतं. पण शिखर सपाट असतं. अंशभर इकडे-तिकडे आकडा एकसारखाच दिसतो आणि आपण नकळत त्या सपाटीच्या कडेवर उभे राहतो. म्हणून शिखर शोधू नका, दोन्ही उतार शोधा.

पाइपवर, ब्रॅकेटच्या लगेच खाली, पांढऱ्या कागदी टेपची एक पट्टी गुंडाळा आणि ब्रॅकेटवर पेन्सिलने एक खूण करा. छत्री डावीकडे सरकवत न्या, क्वालिटी शिखरापासून खाली उतरून, समजा, ४० वर आली की ब्रॅकेटच्या खुणेसमोर टेपवर रेघ मारा. मग उजवीकडे, शिखर ओलांडून पलीकडे परत ४० येईपर्यंत. तिथे दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मधे खूण आणा. हे किती बारीक आहे बघा: चार सेंटिमीटर जाडीच्या पाइपवर एक अंश म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. हाताला जे 'न हललेलं' वाटतं ते छत्रीच्या दृष्टीने हललेलं असतं.

उंचीचंही अगदी तसंच करा. पट्टीच्या खाचेत वर जाऊन ४०, खाली जाऊन ४०, आणि मधे.

आता एलएनबी. त्याचा क्लॅम्प सैल करा आणि तो जागच्या जागी थोडा थोडा वळवा, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. उपग्रह आपल्या बराच पूर्वेला असल्याने त्याच्या सिग्नलचं 'उभं' (मेनूतलं व्हर्टिकल) आपल्या गच्चीवरून तिरकं दिसतं, आणि हा तिरकेपणा नागपूरपेक्षा मुंबई-पुणे-कोकणात अधिक. एलएनबी सरळ उभा बसवून दिलेला असेल तर इथे हमखास पाच-दहा आकडे मिळतात. दोन्ही बाजूंना चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत फिरवून बघायला कचरू नका. एलएनबी फिरवल्यावर दिशा पुन्हा एकदा तपासा.

नट आवळताना छत्री हलते, हे गृहीत धरा. एक नट पूर्ण पिळून मग दुसरा असं करू नका. इकडचा पाव फेरा, तिकडचा पाव फेरा, आणि प्रत्येक वेळी आकड्याकडे बघा. आकडा घसरला तर तिथेच सैल करून परत.

सगळं आवळून झालं की शेवटची परीक्षा. छत्रीच्या वरच्या कडेला बोटांनी हलकं मागे दाबा. मग पुढे ओढा. मग डाव्या आणि उजव्या कडेला तसंच. चारही वेळा आकडा खाली यायला हवा आणि सोडल्यावर परत वर. एखाद्या बाजूला दाबल्यावर आकडा वाढला तर छत्री तुम्हाला सांगते आहे की मला आणखी तिकडे न्या. मावशीची छत्री खालची कड ओढल्यावर ५२ वरून ७१ वर गेली. तीन पावसाळे ती बिचारी एवढ्याचसाठी अडून बसली होती.

तुमचा आकडा शेजाऱ्याच्या आकड्याशी मात्र ताडू नका. प्रत्येक बॉक्स आपापल्या पद्धतीने टक्के काढतो. आपलाच बॉक्स, आपलाच आधीचा आकडा, हीच तुलना खरी.

छत्रीचा दोष नसतो तेव्हा

काही चॅनेल दिसतात आणि काही यादीतच नाहीत, तर बॉक्स बघा. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर एमपेग-४ मधली चॅनेल येत नाहीत, छत्री कितीही फिरवा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि पुन्हा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या सुमारास, काही दिवस चित्र थोडा वेळ अडखळलं तर हात लावू नका. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो. उलट त्या दिवशी गच्चीवर जाऊन बघा: त्या मिनिटांत एखाद्या फांदीची सावली छत्रीवर पडत असेल, तर तीच फांदी वर्षभर सिग्नल खाते आहे.

गणपतीनंतर एकदा वर चक्कर टाका. एलएनबीच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण उन्हाने तडकलं असेल तर आत पाणी जातं, आणि असा एलएनबी दिवसा चालतो, दमट रात्री बंद पडतो. झाकणावर कुंभारीण माशीने मातीचं घर केलं असेल तर ओल्या फडक्याने हळूच पुसून काढा, खरवडू नका. ब्रॅकेट आणि पाइप दोन्हींवर येईल अशी एक आडवी रेघ ऑइलपेंटने मारून ठेवा आणि छत्रीच्या पाठीवर त्या दिवसाची तारीख आणि क्वालिटीचा आकडा लिहा. मावशीच्या छत्रीमागे लाल रंगात '७६' आहे. गेल्या जुलैत तिने फोनवर विचारलं, "पाऊस धो धो कोसळतोय, आत्ता किती असायला हवा रे?" टीव्हीवर मागे बातम्या चालू होत्या.